छापायची राहिलेली पिशवी

मी एक जुनी, रंग न भरलेली पिशवी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे नऊ वर्षांची. प्लास्टिकच्या आयुर्मानाच्या दृष्टीने पाहिले तर माझे अजून दुधाचे दातही पडलेले नाहीत. पण दुकानांत आज माझ्यासारख्या ज्या हजारो पिशव्या लटकतात, त्या सर्वांची मी थोरली आहे, आणि थोरलेपण वयावर ठरत नाही, जन्माच्या क्रमावर ठरते.

मी तळहाताएवढी आहे. वरच्या कडेला खुंटीत अडकवण्यासाठी गोल भोक, उजव्या कडेला फाडण्यासाठी बारीक खाच, खाचेखाली दाबून बंद होणारी पट्टी आणि मधोमध एक स्वच्छ खिडकी. खिडकीआड सात अबोली बटणे आहेत. एके काळी आठ होती. आठव्याचे काय झाले, ते ओघाने येईलच.

माझ्या जन्माआधी बटणांना पिशवी नव्हती. दादाच्या लहानशा कारखान्यात, एका यंत्रावर, चाळीस छटांची बटणे बनत आणि पुढच्या खोलीत आत्या ती काचेच्या बरण्यांतून सुटी विकत असे. आत्या म्हणजे दादाची आणि त्याच्या धाकट्या बहिणीची आत्या. गिऱ्हाईक सदरा घेऊन येई, आत्या डोळे बारीक करून एका बरणीत हात घाली आणि नेमके बटण बाहेर काढी. तिची चूक झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. मी स्वतः नोंदी पाहिलेल्या नसल्यामुळे यावर अधिक बोलत नाही.

पुढे गिऱ्हाइके मोठ्या दुकानाकडे वळली आणि बरण्यांवर धूळ बसू लागली. दादाचे यंत्र विकत घेऊ पाहणारा, जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री करणारा एक माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला त्याने खिशातून फीत काढून कारखान्याच्या दाराची रुंदी मोजली, यंत्र अख्खे बाहेर निघेल की उकलावे लागेल ते पाहण्यासाठी. तो गेल्यावर दादा बराच वेळ त्या दाराकडे पाहत उभा राहिला.

तेवढ्यात मोठ्या दुकानाच्या खरेदीबाईंनी निरोप धाडला: बटणे पाकीटबंद करून आणा, महिनाभराने एक खुंटी रिकामी होते आहे, ती तुम्हाला देऊन पाहू. पाकीट पसंत पडले नाही, तर खुंटी दुसऱ्याची. कारखाना चालणार की यंत्र दाराबाहेर जाणार, हे आता एका खुंटीवर टांगलेले होते.

पाकिटाचे काम धाकटीने अंगावर घेतले. ती नुकतीच आरेखन शिकून आली होती आणि हे तिचे पहिलेच काम होते. माळ्यावरच्या खोलीत, जुन्या पिवळ्या दिव्याखाली, तिने कागदाच्या एकोणीस पिशव्या कापून चिकटवल्या. विसावी खऱ्या प्लास्टिकची करून ती आत्याला उघडायला दिली. आत्याने दोन्ही हातांनी ओढली. पिशवी फाटेना, फाटेना, आणि फाटली तेव्हा आठही बटणे खोलीभर उडाली.

"अगं, बटणं विकायचीत की छर्रे?" आत्या चष्मा सावरत म्हणाली.

माझ्या अंगावरची खाच आणि पट्टी यांचा उगम या प्रश्नात आहे. हसू ओसरल्यावर धाकटीने पाचरीच्या आकाराची खाच पाडली, म्हणजे चीर कुठे सुरू होईल ते आधीच ठरते. खाली पट्टी दिली, म्हणजे फाडल्यावरही तोंड बंद राहते. पुढचे तीन दिवस आत्या पिशव्या फाडत होती. एकही बटण उडाले नाही, याचे तिला थोडे वाईटच वाटले असावे.

आता रंगाची गोष्ट सांगते. धाकटीची कल्पना अशी: पिशवीत अबोली बटणे असतील, तर खिडकीभोवतीची सगळी पिशवीही अबोली हवी. डाळिंबी बटणांना डाळिंबी, मोरपंखी बटणांना मोरपंखी. लांबून छटा ओळखू येईल आणि चाळीस पिशव्या शेजारी लागल्या की भिंत खुलेल. कल्पना सुंदर होती. सुंदर कल्पना तपासून घ्यायला माणसे टाळाटाळ करतात, हा तिचा एकमेव दोष.

छापखान्यातून शाईचा पहिला नमुना आला. धाकटीने तो माळ्यावर नेला, बटणाशेजारी धरला, खूश झाली आणि सही करून परत धाडला. छापलेल्या पिशव्या आल्या. दादाने त्यांतली एक कारखान्याच्या दारात, उन्हाच्या उजेडात धरली.

"हा अबोली? हा तर विटकरी आहे! बटण बघ आणि पिशवी बघ."

"मी स्वतः जुळवलाय, दादा."

"डोळे मिटून जुळवलास का?"

शाई बदलली. दुसऱ्या खेपेच्या पिशव्या दादाने दारात पाहून पसंत केल्या. धाकटीने त्या माळ्यावर नेल्या आणि तशीच जिना उतरून खाली आली.

"आता फिक्या गुलाबी झाल्या. तुला पसंत आहेत ना? मग तूच कर सगळं."

छापखान्यात शाई कालवणारे गृहस्थ शांत स्वभावाचे होते. तिसऱ्यांदा शाई कालवताना तेवढे त्यांनी विचारले, "ताई, तुमच्याकडे उजेड किती प्रकारचे आहेत हो?" उत्तर त्या प्रश्नातच होते. पण टोमणा समजून कोणी तो प्रश्न तपासला नाही.

अबोली रंगावरून घरात अबोला सुरू झाला. एका ताटलीतली चटणी मागायलाही मध्यस्थ लागू लागला.

"आत्या, दादाला सांग, पाच दिवस उरलेत."

"आत्या, तिला सांग, मला मोजता येतं."

"मी काय टपाल खातं आहे?" आत्या म्हणाली. "एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलाय, आणि पत्रं माझ्या हातानं पाठवताय!"

अशा वातावरणात माझा जन्म झाला. आमच्या जातीची छपाई उलटी असते. पारदर्शक पापुद्र्याच्या मागच्या बाजूवर अक्षरे आरशात दिसतात तशी उमटवतात आणि त्यावर आतला पापुद्रा चिकटवतात. शाई दोहोंच्या मधे सुरक्षित राहते, बोटांनी खरवडली तरी निघत नाही. आधी काळी अक्षरे, मग रंग आणि सर्वांमागे पांढरा. तिसऱ्या छपाईच्या सुरुवातीला यंत्रावर काळा आणि पांढरा रूळ टेकले होते, रंगाचा अजून वरच होता. त्या पहिल्या काही हातांच्या लांबीत मी होते. माझ्या वाट्याला काळी अक्षरे आली, पांढरे अंग आले, खिडकी आली. रंग तेवढा आला नाही.

अशा पिशव्या निवडून बाजूला फेकतात. छापखान्याच्या भाषेत आम्ही वाया गेलेल्या. पण तिथल्या तपासनीस बाई काहीच वाया जाऊ देत नसत. त्या रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या आणि सर्वजण त्यांना पाठीमागे मोजपट्टी म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि नाव अचूक असल्यामुळे त्यांची हरकत नव्हती. मोजपट्टीबाई फेकलेल्या पिशव्यांवर चाचण्या घेत. त्यांनी माझ्यात आठ अबोली बटणे भरली, मला एक मीटर उंचीवरून अकरा वेळा खाली टाकले, माझ्या शिवणीला वजने टांगली. मी कुठेही उसवले नाही. त्यांनी वहीत 'ठीक' असे लिहिले. मोजपट्टीबाईंच्या शब्दकोशात याहून मोठा शब्द नाही.

तिसरी खेपही नापसंत झाल्याचे कळताच त्या स्वतः कारखान्यात आल्या. त्यांच्या पिशवीत तिन्ही खेपांचे नमुने होते आणि चाचणीतून सुटलेली मी. त्यांनी दोघा भावंडांना आधी माळ्यावर दिव्याखाली नेले, मग खाली दारात आणले. प्रत्येक ठिकाणी तोच नमुना, तेच बटण. दिव्याखाली पहिला नमुना बटणाशी तंतोतंत जुळे आणि दारात फटकून वागे. दुसऱ्याचे नेमके उलट. तिसऱ्याने दोन्हीकडे बरे दिसू पाहिले होते आणि तो दोन्हीकडे चुकीचा दिसत होता.

"दोघंही बरोबर आहात," मोजपट्टीबाई म्हणाल्या. "हे वाक्य मी नोकरीत पहिल्यांदाच बोलतेय, तेव्हा नीट ऐकून घ्या. बटणातला रंग वेगळ्या द्रव्याचा, शाईतला वेगळ्या. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, उजेड बदलला की वेगळे दिसतात. डोळ्यांचा दोष नाही. दोन वेगळ्या उजेडांत उभं राहून भांडलात, हा दोष."

भावंडे एकमेकांकडे पाहू लागली. बऱ्याच दिवसांनी मध्यस्थावाचून.

"मग दोन्हीकडे जुळणारी शाई करा ना," धाकटी म्हणाली.

"करता येईल. एका छटेला दोन आठवडे."

"आणि आमच्या छटा चाळीस," दादा हळूच म्हणाला. हातात चार दिवस उरले होते. त्याची नजर पुन्हा दाराच्या चौकटीकडे गेली.

आत्याला द्रव्यांमध्ये रस नव्हता. तिने टेबलावरच्या पसाऱ्यातून मला उचलले आणि खिडकीतून बटणे पाहिली. आधी आत, मग दारात, मग पुन्हा आत.

"हीच द्या की. हिच्यात बटण बटणासारखं दिसतंय."

"आत्या, ती छापायची राहिलेली आहे," धाकटी म्हणाली.

"मग राहू दे राहिलेली!"

धाकटीने मला आत्याच्या हातून घेतले. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. एकोणीस कागदी पिशव्या, तीन शाया आणि चाळीस रंगांची ती खुलणारी भिंत तिला सोडून द्यायची होती, आणि स्वतःची सुंदर कल्पना सोडणे तिच्या वयात फार थोड्यांना जमते. ती एकाएकी मोठ्याने हसली.

"दादा, रंग छापायचाच नाही! रंग आहेच की आत, बटणाचा. आपण त्याच्या शेजारी दुसरा आणून बसवतोय, म्हणून भांडण लागतंय. अंग पांढरं, अक्षरं काळी. चाळीस छटांना एकच पिशवी. फक्त नावाची चिठ्ठी वेगळी."

"आणि रूळ?" दादाने विचारले.

"तेच. रंगाचा वर उचलून ठेवायचा, बस्स," मोजपट्टीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वही उघडून आणखी एकदा 'ठीक' असे लिहिले.

याला दैवाची कृपा म्हणू नका, मित्रांनो. प्रत्येक छपाईच्या सुरुवातीला माझ्यासारख्या पिशव्या निघतात आणि फेकल्या जातात. दुर्मीळ घटना माझा जन्म नव्हती. मला कोणीतरी उचलून दोन उजेडांत पाहिले, ही होती.

चौथ्या दिवशी खरेदीबाईंच्या टेबलावर चाळीस पिशव्या मांडल्या गेल्या. एकोणचाळीस नव्या होत्या, चाळिसावी मी. शकुन म्हणून नव्हे, अबोलीची नवी पिशवी वेळेत भरून झाली नव्हती म्हणून.

"सगळ्या पांढऱ्या?" खरेदीबाईंनी भुवया उंचावल्या. "रंग कुठाय?"

त्यांनी अबोली सदरा घातला होता आणि उजव्या बाहीचे बटण तुटलेले होते. ते धाकटीने केव्हाच हेरले होते.

"तुमच्या बाहीचं बटण यातून निवडा ना, मॅडम," ती म्हणाली.

टेबलावरच्या दिव्याखाली खरेदीबाईंना मी आणि माझी शेजारीण गाजरी, दोघी सारख्याच वाटल्या. धाकटीने त्यांना खिडकीपाशी नेले. तिथे गाजरी पाहता पाहता बाहीपासून वेगळी पडली आणि माझी बटणे बाहीत मिसळून गेली. खरेदीबाईंनी मला खाचेपाशी धरून एकदाच ओढले. चीर सरळ गेली, एकही बटण उडाले नाही. त्यांनी एक काढून बाहीला लावून पाहिले आणि माझी पट्टी दाबून बंद केली.

"खुंटी तुमची."

दादाने मोठा श्वास सोडला. "एक खुंटी, ना?"

"चाळीस छटा एका खुंटीवर लावून दाखवता का? चार घ्या!"

आठवे बटण त्या बाहीवर आहे. यापुढचे मी, घरी परतल्यावर, दादाच्या तोंडून ऐकलेले सांगते. पहिल्याच दिवशी एक गृहिणी पिशवी घेऊन उजेडात पाहायला दुकानाच्या दाराकडे निघाली, तेव्हा पहारेकऱ्याने तिला अडवले.

"बाई, पैसे?"

"अहो, पळत नाहीये मी, रंग बघतेय!"

दुपारपर्यंत असे तेरा वेळा घडले. पहारेकरी वैतागला आणि त्याने तक्रार केली. खरेदीबाईंनी पहारेकऱ्याला काही न म्हणता चारही खुंट्या दारापाशी हलवल्या. दुकानातली ती सर्वांत मोक्याची जागा होती. बड्या बड्या मालांना वर्षानुवर्षे मागूनही ती मिळाली नव्हती. आमच्या पांढऱ्या पिशव्या तिथे दिमाखात झुलू लागल्या. महिन्याभरात चाराच्या बारा खुंट्या झाल्या.

वर्षभराने तो फीतवाला माणूस पुन्हा आला. दादाने त्याला स्वतः बोलावले होते. त्याने फीत काढून दाराची रुंदी तिसऱ्यांदा मोजली, आणि दार चार बोटे कमी भरले. मग भिंत फोडून दार रुंद करावे लागले. या खेपेला यंत्र बाहेर जायचे नव्हते, दुसरे आत यायचे होते.

त्या धामधुमीत माझा विसर पडला. चार वर्षे मी एका खणात, मोडक्या कात्रीखाली पडून होते. याबद्दल माझी तक्रार नाही. काम चालू असले की माणसे काम पाहतात. पुढे बटणांची नवी छटा जुळवताना धाकटीला माझी आठवण झाली. तिने खण उपसून मला काढले आणि कारखान्याच्या दाराच्या चौकटीला, उजेडात, टाचणीने लावले. आता कोणताही नवा नमुना आला, की तो आधी माझ्याशेजारी धरतात, मग माळ्यावर नेतात. सही त्यानंतरच. कामावरची माणसे मला राहिलेली म्हणूनच ओळखतात.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. मी तशीही कुजत नाही, हीच तर माझी अडचण आहे. माझ्या बहिणी तुमच्या घरी आल्या, तर त्यांना खाचेतून फाडा, पट्टी दाबून बंद करा, उरलेली बटणे त्यांच्यातच ठेवा. रिकाम्या झाल्या की रस्त्यावर भिरकावू नका. जुने प्लास्टिक गोळा करून नेतात तिथे द्या, म्हणजे त्यांना दुसरा जन्म तरी मिळेल. आणि कोणाशी रंगावरून वाद झाला, तर आधी दोघांनी एका उजेडात या.

दुसरे यंत्र चालू लागले की चौकट हलकेच थरथरते आणि माझी सात बटणे वाजतात. परवा आत्या तिथून जाता जाता थांबली, मला बोटाने सरळ केले आणि धाकटीला म्हणाली, "बघ, अजून आहे गं ही."

आहे. छापायची राहिले, म्हणून तर राहिले.