महाराजांनी दिलेली एकवीस तारीख

सौंसरहून लोधीखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संत्र्याच्या एका बगिच्यात तारीखवाले महाराज उतरले आणि तिसऱ्याच दिवशी तिथे मोटारसायकली लावायला जागा उरली नाही. महाराज कोणाला काही विचारत नसत. डोळे मिटून ते समोरच्याचं नाव, केसचा नंबर आणि पुढची तारीख घडाघडा सांगत. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

"वकिलाले फाइल उघडा लागते, महाराजाले डोळे मिटले का दिसते," असं म्हणत लोक घरी जात आणि आणखी चार जणांना घेऊन येत.

सुचिता एका वकिलाच्या ऑफिसात सहायक होती. अर्ज टाइप करायचे, फाइली लावायच्या, पक्षकारांना तारखा कळवायच्या. महाराजांच्या गोष्टी ऐकून तिला हसू येई. ते हसू ऑफिसच्या पक्षकार लीलाबाईंमुळे थांबलं.

कापसाच्या जिनिंगच्या यंत्राने लीलाबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती आणि ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच, असं मालकाने कोर्टात लिहून दिलं होतं. हजेरीचा कागद नव्हता. सोबतच्या बायका बोलायला तयार नव्हत्या. उरली होती लीलाबाईंची स्वतःची साक्ष. आजारपणात दोन तारखा हुकल्यावर कोर्टाने बारा तारीख ही शेवटची संधी दिली. सुचिताने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत तारीख लिहून दिली, अकराला फोनही केला.

"हो वं बाई," लीलाबाई म्हणाल्या.

बाराला त्या आल्या नाहीत. फोन बंद. साक्षीची संधी संपल्याचा आदेश सुचितानेच फाइलला लावला.

एकवीसच्या सकाळी लीलाबाई कोर्टाच्या दाराशी उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, कपाळाला अंगारा.

"मावशी, आज काहून आल्या?"

"आज माही तारीख नाही का?"

"बारा होती. मी लिहून दिलं होतं."

"तुह्या फोनानंतर महाराजाकडे गेली तं त्यानं एकवीस सांगतली. म्हणे, त्याच्या अगोदर कोर्टाची पायरी चढू नको, दशा वाईट आहे. मी तोंड उघडलं नव्हतं, तरी त्यानं माहं नाव सांगतलं, नंबर सांगतला. मले वाटलं, तुह्याच लिहिण्यात चूक झाली असन."

बाराची एकवीस. हा उलटा आकडा तिने कुठेतरी पाहिला होता. केसच्या तारखा दाखवणारं एक खाजगी ॲप ऑफिसात होतं, चुका फार म्हणून वकीलसाहेबांनी ते वापरणं सोडलं होतं. तिने त्यात लीलाबाईंचं नाव टाकलं. नंबर बरोबर आला. तारीख, एकवीस.

"तिथे नाव कोणाला सांगितलं होतं?"

"कोणालेच नाही. गेटवर पावती फाडली, तेवढंच."

वंदना नावाच्या एका पक्षकाराचा दावा मागच्या वर्षीच निकाली निघाला होता, पण ॲप अजून त्याची पुढच्या महिन्याची अठरा तारीख दाखवत होतं. निकालाची नक्कल पिशवीत घालून सुचिता दुसऱ्या दिवशी लीलाबाईंसोबत बगिच्यात गेली. गेटवर तिने स्वतःचं नाव वंदना सांगितलं. पावतीची दुसरी प्रत पडद्यामागे गेली. फटीतून तिला तिथला माणूस मोबाइलवर वाकलेला दिसला. मग नारळाचं ताट महाराजांपुढे आलं. महाराजांनी ते वर उचलून कपाळाला लावलं आणि मग डोळे मिटले.

"बेटी वंदना! ब्रह्मांडाच्या दप्तरात तुझी फाइल पाहून राहिलो. शनीनं धूळ टाकली आहे, फुंकून घेतो. हं. अठरा तारीख. तोवर वकिलाचं तोंड पाहू नको."

"मी सुचिता," ती शांतपणे म्हणाली. "अन् वंदनाची केस मागच्या वर्षीच संपली. ही निकालाची नक्कल."

तिने ताट उलटं केलं. बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव, नंबर, तारीख. मग मोबाइल वर धरून तिने सगळ्यांना तेच ॲप दाखवलं.

"हिच्या अंगात वकील संचारला आहे," महाराज म्हणाले. दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी हात जोडले.

"देवाची परीक्षा पाहून राहिली का तू?" एक म्हातारा बोलला. मागून कोणी म्हणालं, "मोबाइलमधून का होईना, सांगते तर ना."

लीलाबाई चिठ्ठीकडे पाहत राहिल्या.

दोन दिवसांत महाराज बगिचा सोडून निघून गेले. साक्षीची संधी पुन्हा द्यावी, हा लीलाबाईंचा अर्ज कोर्टाने फेटाळला. शेवटची संधी दिली होती, असं आदेशात होतं. सुचिताने तो वाचून दाखवला तेव्हा लीलाबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे माह्या हाताचं कोणी आइकणारच नाही?"



महाराज आता तिगाव नावाच्या गावी जाऊन बसल्याचं कळलं, तेव्हा लीलाबाई स्वतःच म्हणाल्या, "चाल." रांगेपुढे त्या उभ्या राहिल्या. हात पदराबाहेर काढला.

"माही तारीख बारा होती. यानं एकवीस सांगतली. माही केस गेली. तुमची तारीख वकिलाले विचारा, कोर्टात जाऊन विचारा, वाचता येत नसन तं दोघा जणांकडून वाचून घ्या. जो म्हणते मले सगळं दिसते, त्याले अगोदर विचारा, कुठून दिसते."

रांगेत चाळीसेक माणसं होती. दोन बाया बाहेर आल्या. सुचिताने त्यांचे कागद हातात घेतले आणि रस्त्याच्या कडेला उभ्यानेच वाचायला सुरुवात केली.