चि. सौ. कां. थांबा विचारून सांगतो

मित्रांनो, मी एक जुना, स्टीलचा, कडीचा डबा आहे. कडी तुटून दोन वर्षं झाली, पण निवृत्त झालेल्या मास्तरांनाही लोक मास्तरच म्हणतात, तसा मी अजून कडीचा डबाच आहे. पोटावर एक पोचा आहे. झाकण बसतं, पण आधी त्याची मनधरणी करावी लागते. एवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत आहे आणि बोलायची हौस दांडगी आहे.

माझा जन्म भाईंदरच्या एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पत्र्याची गोल चकती होती, तिला यंत्राने दाबलं, ती किंचाळली आणि मी झालो. त्याच दिवशी माझी दोनशे भावंडं जन्मली. ती कुठे कुठे डाळी-साखर सांभाळत असतील आणि सुखात असतील. माझं आयुष्य मात्र एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाने घडवलं.

त्या माणसाचं नाव शामराव. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी दादरच्या एका भांड्यांच्या दुकानात ते भांड्यांवर नावं घालायला बसत. हातात विजेची लेखणी, तिचा दिवसभर टर्रर्र आवाज. त्या आवाजाने त्यांचे कान निम्मे कामातून गेले होते. एके दिवशी दौलत नावाचा तरुण दुकानात आला आणि त्याने मला विकत घेतलं. दौलत परळच्या छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचा. एखादी वेलांटी चुकली तर त्याला जेवण जात नसे. छापखान्यातल्या गौतमचं लग्न ठरलं होतं आणि सगळ्यांनी मिळून भेट द्यायची जबाबदारी दौलतवर टाकली होती.

शामरावांनी मला मांडीवर घेतलं, "चि. गौतम व चि. सौ. कां." एवढं कोरलं आणि विचारलं, "मुलीचं नाव काय?"

दौलतला नाव आठवेना. तो म्हणाला, "थांबा, विचारून सांगतो." आणि कोपऱ्यावरच्या फोनवरून छापखान्यात फोन करायला धावत गेला.

परत आला तेव्हा शामराव फुंकर मारून माझ्यावरचा कीस उडवत होते. माझ्या पोटावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: चि. गौतम व चि. सौ. कां. थांबा विचारून सांगतो यांस सप्रेम भेट.

"अहो, हे काय केलंत?" दौलत ओरडला.

"जे सांगितलंत ते घातलं," शामराव शांतपणे म्हणाले. "मला काय, लोक हल्ली काहीही नावं ठेवतात."

दौलतने डोळे बारीक करून मजकूर पुन्हा वाचला. त्याच्यातला मुद्रितं तपासणारा जागा झाला. "निदान 'थांबा'च्या पुढे स्वल्पविराम तरी द्यायचा होता!"

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. नावं घालून घेण्यासाठी रांगेत उभी असलेली एक मुलगी हातातली परात छातीशी धरून हसत होती. तिचं नाव कालिंदी. ती नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची आणि तिथल्याच बालवाडीत शिकवायची. डोळे पुसत ती म्हणाली, "आता हा डबा कोणाला देणार तुम्ही?"

"थांबा, वि..." दौलत म्हणाला आणि गप्प झाला. कालिंदीला पुन्हा हसू फुटलं.

शेवटी गौतमसाठी दुसरा डबा घेतला गेला आणि मी कालिंदीच्या बालवाडीत खडू ठेवायला गेलो. पुढच्या आठवड्यात दौलत डबा नीट आहे ना ते बघायला आला. त्यानंतरच्या आठवड्यातही आला. एक माणूस परळहून नायगावला चार वेळा चालत येऊन खडूच्या डब्याची विचारपूस करतो, हे बालवाडीतल्या पोरांनाही पटत नव्हतं. अखेर कालिंदीच्या वडिलांनी त्याला घरी बोलावून स्पष्ट विचारलं, "लग्न करायचंय का हिच्याशी?"

दौलत म्हणाला, "थांबा, विचारून सांगतो." आणि तिथल्या तिथे कालिंदीकडे वळून त्याने विचारलं.

वडिलांना हा जावई एकदम आवडला. लग्नाआधी मुलीला विचारणारा माणूस त्यांना त्यांच्या नात्यात तरी पहिल्यांदाच भेटला होता.

लग्नात दोघांनी पांढरे कपडे घातले होते आणि मी आहेराच्या टेबलावर मधोमध चकाकत होतो. तेव्हापासून मी त्यांना दौलतराव आणि कालिंदीबाई म्हणतो. दौलतरावांनी ते वाक्य आयुष्यभर सोडलं नाही. दारात कोणीही येवो, गणपतीची वर्गणी मागणारा असो की जयंतीची, ते म्हणायचे, "थांबा, विचारून सांगतो." मग आत तोंड करून हाक मारायचे, "अगं!" आणि आतून कालिंदीबाईंचं उत्तर यायचं. दोघं नायगावच्या त्याच चाळीत राहायचे आणि तिथे कालिंदीबाईंना कोणी कोणी 'थांबाबाई' म्हणायचं. त्या रागवायच्या नाहीत, उलट ओ द्यायच्या.

मी त्या घरात खूप कामं केली. बेसनाचे लाडू सांभाळले, सुकट सांभाळली, आणि मधल्या काळात दोन्ही एकदम सांभाळण्याचा एक प्रसंग आला, त्याविषयी मी बोलणार नाही. त्यांची मुलगी आकांक्षा माझ्यावरची अक्षरं बोटाने गिरवत वाचायला शिकली. तिसरीत असताना तिने 'माझी आई' या निबंधात आईचं नाव थांबा असं लिहिलं होतं.

मित्रांनो, इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. गेल्या वर्षी एका सकाळी दौलतराव पेपर वाचता वाचता खुर्चीतून कलले. पक्षाघाताचा झटका होता. परळच्या इस्पितळात ते एकवीस दिवस होते आणि मी रोज पिशवीत बसून पेज घेऊन जात होतो. हातपाय हळूहळू वळणावर आले. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. सगळं कळायचं, पेपरातल्या चुकीवर बोट आपटायचे, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीही येणार. बोलतं ठेवा त्यांना."

आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द नीट करणारा माणूस, आणि त्याच्याकडे स्वतःचा एक शब्द उरला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी डबा आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवसांत माझ्या झाकणाला आतून सारखं पाणी सुटायचं. पेज गरम असायची हेही खरं आहे.

कालिंदीबाई त्यांना घेऊन घरी आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तीस वर्ग शिकवले मी. तुम्ही माझा एकतिसावा वर्ग. बसा सरळ."

त्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या आणि माझ्यात भरल्या. रोज सकाळी चहानंतर वर्ग भरायचा. दौलतरावांनी माझ्यात हात घालून चिठ्ठी काढायची आणि शब्द म्हणायचा. पाणी. आई. चहा. "म्हणा, अननस." दौलतराव इतक्या रागाने बघायचे की अननस असता तर सोलून निघाला असता. एकदा त्यांनी 'ऊस'ची चिठ्ठी काढली, कालिंदीबाईंनी घाईत 'उस' लिहिलं होतं. त्यांनी पेन घेऊन ऱ्हस्व उ दीर्घ केला आणि चिठ्ठी परत दिली. शब्द नाही म्हटला. कालिंदीबाई म्हणाल्या, "बरं, लिखाणात पैकीच्या पैकी. तोंडी परीक्षा राहिली."

अकरा महिने एक दिवस खाडा न करता हा वर्ग चालला. शेजारच्या रमाबाई यायच्या आणि दौलतरावांसमोरच विचारायच्या, "काय गं, कळतं का त्यांना?" कालिंदीबाई सांगायच्या, "तुझ्यापेक्षा जास्त कळतं." एकदाच, फक्त एकदाच, दुपारी दौलतराव झोपले असताना त्यांनी मला मांडीवर घेतलं, पोटावरची अक्षरं पदराने पुसली आणि हळूच म्हणाल्या, "एवढं तरी म्हणा हो." मग उठून भांडी घासायला गेल्या. घासताना भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

मग चाळ सोडायचा दिवस आला. जुन्या चाळी पाडायच्या होत्या आणि समोरच्या नव्या इमारतीत सतराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. आकांक्षा दोन दिवस रजा काढून सामान बांधायला आली. तिने चिठ्ठ्यांसाठी झाकण टक् करून बसणारा प्लास्टिकचा नवा डबा आणला. पारदर्शक! आतलं सगळं जगाला दाखवत फिरणाऱ्या भांड्याविषयी माझं मत चांगलं नाही. चिठ्ठ्या त्यात गेल्या आणि मी रिकामा झालो.

"मम्मी, हा चेपलेला डबा नको आता. नवीन किचनला सगळा सेट एकसारखा घेतलाय मी," आकांक्षा म्हणाली. आत कालिंदीबाई शेवटची पोळी लाटत होत्या, पंख्याच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. आकांक्षाने मला गॅलरीत भंगाराच्या ढिगावर ठेवलं आणि ती टेम्पोवाल्याशी बोलायला खाली गेली. माझ्या शेजारी एक तुटकं इस्त्रीचं टेबल आणि मोडकी छत्री होती. कोणी कोणाशी बोललं नाही.

गॅलरीतच खुर्चीवर दौलतराव बसले होते. त्यांनी मला पाहिलं. हात उचलला, तो अर्ध्यावर थांबला. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, ते माझ्याकडे.

जिना चढून भंगारवाला वर आला. भिवा त्याचं नाव. नायगावात नवीन होता, त्यामुळे त्याला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. त्याने पोत्यात छत्री टाकली, मला उचललं, उलटंपालटं केलं आणि घरच्या कर्त्या माणसाला विचारावं तसं सरळ दौलतरावांना खणखणीत आवाजात विचारलं, "काका, हा डबा पण द्यायचाय काय?"

मित्रांनो, हे नीट ऐका. अकरा महिन्यांत सगळे दौलतरावांना "म्हणा" म्हणत होते. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

"थांबा," दौलतराव म्हणाले. मग एक दम घेतला. "विचारून सांगतो."

आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं!"

"नाही द्यायचा म्हणावं!" आतून लगेच उत्तर आलं. "तो राहू दे म्हणावं!"

 मग लाटणं जमिनीवर पडून गडगडत गेल्याचा आवाज आला. कालिंदीबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"काय म्हणालात? अहो, आत्ता काय म्हणालात?"

दौलतराव आ वासून बसले होते. त्यांनाही धक्का बसला होता. कालिंदीबाई भिवाकडे वळल्या. "अरे, परत विचार!"

"काय विचारू?"

"डब्याचं विचार!"

"पण तुम्ही नको म्हणालात ना, काकी."

"तुला काय करायचंय? तू विचार!"

भिवाने विचारलं. पुन्हा विचारलं. आरडाओरडा ऐकून रमाबाई आल्या, त्यांनीही विचारलं. खालून आकांक्षा धापा टाकत आली, टेम्पोवालाही तिच्यामागे आला आणि कशाचा काही पत्ता नसताना त्यानेही विचारलं, "डबा द्यायचाय का?" सातव्या वेळी दौलतराव वैतागले आणि कडाडले, "थांबा!"

कालिंदीबाईंनी पिठाचे हात तोंडावर धरले आणि त्या रडू लागल्या. आकांक्षाने भिवाच्या हातातून मला ओढून घेतलं आणि पोटाशी धरलं. मी आयुष्यात इतक्या जणांसाठी एकदम महत्त्वाचा कधीच झालो नव्हतो. भिवाने टेबल तेवढं उचललं आणि जाताना आकांक्षाला विचारलं, "काका सगळ्या भांड्यांना एवढा जीव लावतात काय?"

त्यानंतर शब्द एकेक करून यायला लागले. चहा आधी आला, अननस अजून आलेला नाही.

गेल्या महिन्यात कालिंदीबाई आणि दौलतराव मला घेऊन दादरच्या त्याच दुकानात गेले. शामराव आता फार म्हातारे झाले आहेत, कोपऱ्यात स्टुलावर बसून असतात. विजेची लेखणी त्यांची नात प्रीती चालवते. तिने मला वाचलं, ओठ चावून हसू दाबलं आणि विचारलं, "काय घालायचं, काका?"

कालिंदीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बोलल्या नाहीत. पर्स घट्ट धरून उभ्या राहिल्या. प्रीतीने मशीन बंद केलं आणि वाट पाहिली.

दौलतरावांनी 'थांबा'च्या पुढे बोट ठेवलं. "स्व..." ते म्हणाले. "स्वल्प..." घाम फुटला. रांगेत मागे चार माणसं होती, पण कोणी घाई केली नाही. "स्वल्प... विराम."

"कोण विश्राम?" कोपऱ्यातून शामराव ओरडले.

"आजोबा, तुम्ही गप्प बसा," प्रीती म्हणाली आणि तिने लेखणी टेकवली. मला थोडं दुखलं. छत्तीस वर्षांनी लागलेलं टिंब होतं ते, आणि त्याची इवलीशी शेपटी.

मित्रांनो, आता मी सतराव्या मजल्यावर असतो, चिठ्ठ्या पुन्हा माझ्यात आहेत आणि प्लास्टिकच्या डब्यात मोहरी आहे. तुमच्या घरातही एखादं चेपलेलं भांडं असेल, किंवा कोपऱ्यातल्या खुर्चीवर एखादं गप्प माणूस असेल. ते कामाचं नाही असं तुमचं तुम्ही ठरवू नका. काय करायचं ते माझ्या पोटावर कोरलेलं आहे, आणि आता त्यात एकही चूक नाही.