हाफिजला कीपर नको होता

कोल्हापूरच्या माणसाला वाळवंटात नेऊन सोडलं तर तो आधी पाणी शोधणार नाही, मैदान शोधील. महिपती त्यातलाच. दोह्यात एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पवर उतरला त्याच आठवड्यात त्याने ओल्ड एअरपोर्टच्या बाजूची एक मोकळी जागा हेरली, चार माणसं लावून तिथले दगड वेचले, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तिथे फुटबॉल होत आला. वरिष्ठांनी एकदोनदा नाक मुरडलं, पण शुक्रवारी माणसं कुठे जातात याच्याशी त्यांना तरी काय देणंघेणं होतं!

खेळाची रीत ठरलेली होती. उन्हाळा सरला की नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी सगळे खेळणारे मैदानावर जमायचे. दोन कॅप्टन समोर उभे राहायचे आणि आळीपाळीने एकेक माणूस मागून घ्यायचे. याला कॅम्पात 'वाटणी' म्हणत. वाटणी झाली की हिवाळाभर दर शुक्रवारी सामना, आणि शेवटी हरलेल्या टीमने जिंकलेल्यांना मटण घालायचं. एक कॅप्टन महिपती, दुसरा हाफिज. हाफिज रत्नागिरीकडचा, कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट. पायात फारसा दम नव्हता, पण डोकं असं तल्लख की वाटणीत तो महिपतीला दरवर्षी टोपी घालायचा. गेल्या खेपेचं मटण महिपतीच्या टीमनेच घातलं होतं आणि हाफिजने ते बोटं चाटत खाल्लं होतं.

शहाऐंशी सालच्या त्या शुक्रवारी मात्र निम्म्यांचं लक्ष मैदानावर नव्हतं. तेलाचे भाव कोसळले होते. मदिनत खलीफा वस्तीतले व्हिला बांधून संपत आले होते आणि नवं कंत्राट हाती नव्हतं. निम्म्या माणसांना एक्झिट देणार, म्हणजे कायमचं घरी धाडणार, ही कुणकुण महिनाभर फिरत होती. नावं शनिवारी सकाळी सांगायची, असं गुरुवारी कळलं. जो तो आपापल्या काळजीत होता. महिपतीला स्वतःपेक्षा जास्त काळजी होती ती दाजींची.

दाजी म्हणजे निवृत्ती, त्याच्या धाकट्या बहिणीचा, मुक्ताबाईचा नवरा. उद्यमनगरातल्या फौंड्रीत तो चांगला कायम झाला होता. महिपतीनेच गळ घालघालून त्याला तिथून उठवलं आणि वेल्डर म्हणून इकडे आणलं. मुक्ताबाईच्या मनात नव्हतं. आहेत तिथं बरे आहेत, असं ती परोपरीने सांगत होती. तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून महिपतीने शब्द दिला होता की दाजींची जबाबदारी माझी. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. फौंड्रीतली जागा दुसऱ्याने धरली होती. आता दाजी परत गेले, तर ते कुठे उभे राहणार आणि आपण बहिणीला कुठल्या तोंडाने भेटणार, हा किडा महिपतीचं डोकं पोखरत होता.

निवृत्तीला स्वतःला कसली फिकीर नव्हती. मेव्हणे आहेत की इथे, एवढं त्याला पुरेसं होतं. तरुणपणी तो पेठेच्या टीमचा गोलकीपर होता आणि चेंडू दिसला की चाळिशीतही त्याचे हात शिवशिवायचे. दर शुक्रवारी दुपारी तो टेपरेकॉर्डरसमोर बसून मुक्ताबाईसाठी कॅसेट भरायचा. काय जेवलो, कोण भांडलं, किती गोल अडवले, सगळं. गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी सामानात ती कॅसेट जायची. आजही तो वेल्डिंगचे जाड हातमोजे काखेत मारून आला होता. गोलकीपरचे हातमोजे म्हणून तेच वापरायचा.

नाणं उडवलं. पहिली पाळी हाफिजची आली. तो आज उतरलेला दिसत होता, डोळे सुजलेले. काल रात्री मेसमध्ये जेवायलाही आला नव्हता. पोट बिघडलं असेल, असं महिपतीला वाटलं. पहिला कोण जाणार हे तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं: मन्सूर. मन्सूर रायगडचा, काँक्रीटची गाडी चालवायचा, आणि त्याच्या पायाला चेंडू लागला की समोरचे नुसते बघत राहायचे. शिवाय हाफिजचा तो खोलीतला जोडीदार, एका ताटात जेवणारा. मन्सूर तर नाव पुकारायच्या आधीच दोन पावलं पुढे आला होता.

हाफिजने स्टोअरकीपरला मागितलं.

स्टोअरकीपरला उजवा-डावा पाय सारखाच, म्हणजे दोन्ही निकामी. मन्सूर ओशाळून मागे सरला. महिपतीने मात्र दुसऱ्याच क्षणाला त्याला आपल्याकडे ओढलं आणि मनातल्या मनात मटणाला फोडणी दिली. पुढच्या पाळीला हाफिजने जनरेटर सांभाळणारा माणूस घेतला. महिपतीने शटरिंगचा सुतार घेतला, वाऱ्यासारखा पळणारा. मग हाफिजने ऑफिसचा ड्रायव्हर, महिपतीने फरशीवाला. मग हाफिजने वॉचमन, महिपतीने प्लास्टरचा गवंडी. चांगला खेळणारा प्रत्येक माणूस महिपतीच्या पदरात पडत होता आणि हाफिज खाली मान घालून पडेल माल गोळा करत होता. याला झालंय तरी काय, असं म्हणत महिपतीची माणसं टाळ्या देऊन हसू लागली. महिपतीही हसला. आयुष्यात पहिल्यांदा तो हाफिजवर कडी करत होता आणि त्या भरात उद्याचा शनिवार त्याच्या डोक्यातून गेला.

दाजींना त्याने मुद्दाम आधी घेतलं नाही. घरच्या माणसाला आधी उचललं की लोक नावं ठेवतात. असं होता होता शेवटी दोघंच उरले. एक निवृत्ती, दुसरा पोपटराव.

पोपटराव म्हणजे मेसचा आचारी. देह भरभक्कम, श्वास तोकडा. दरवर्षी तो वाटणीला उभा राहायचा आणि दरवर्षी शेवटी उरायचा. पाळी हाफिजची होती. दोन्ही टीमांना आता एकच जागा भरायची होती, ती गोलकीपरची. समोर एक कसलेला कीपर हातमोजे घालून उभा होता आणि दुसऱ्याने उभ्या जन्मात पातेल्याशिवाय काही अडवलं नव्हतं. यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. निवृत्ती चालायलाही लागला. दाजी आपल्याविरुद्ध खेळणार म्हणून महिपती जरा हिरमुसला.

"पोपटराव," हाफिज म्हणाला.

पोपटरावाने मागे वळून पाहिलं, आपल्या मागे आणखी कुणी पोपटराव आहे की काय म्हणून. मग छातीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "मी?" हाफिजने मान हलवली. मैदानभर हशा पिकला आणि पोपटराव आनंदाने जवळजवळ रडायला आला.

महिपतीही हसायला गेला, पण हसू ओठातच वाळलं. ज्याच्याकडे कीपर नाही, तो कीपर सोडतो? हाफिजला खेळातलं सगळं कळत होतं. मग त्याने दाजींना का सोडलं? मन्सूरला का सोडलं? महिपतीने आपल्या टीमकडे पाहिलं. सुतार, गवंडी, फरशीवाले, वेल्डर, काँक्रीटची गाडी चालवणारा मन्सूर. व्हिला बांधणारे सगळे एका बाजूला. पलीकडे स्टोअर, जनरेटर, वॉचमन, ऑफिसची गाडी, मेस. बांधकाम संपलं तरी ज्यांच्यावाचून कंपनीचं अडतं ते सगळे. आणि ही निवड करणारा ऑफिसात बसून टायपिंग करतो. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, ती महिपतीला खरोखर सरकल्यासारखी वाटली.

असं नसेलही, त्याने स्वतःला बजावलं. वाटणी संपल्यावर कॅप्टनला एक अदलाबदल मागता यायची. तो मैदानाच्या मध्यावर गेला आणि त्याने हाफिजला बाजूला बोलावलं. बाकीचे शर्टांच्या रंगावरून भांडत होते.

"दाजींना तू घे," महिपती हळू आवाजात म्हणाला. "पोपटराव मला दे."

"नको."

"तुझ्याकडं कीपर न्हाई."

"नको म्हटलं ना महिपती."

"मग मन्सूरला घे. फुकट देतो. बदली कोणबी नको मला."

हाफिज बुटाच्या टोकाने वाळू उकरत राहिला. अजून एकच नाव उरलं होतं, आणि ते वाटणीत कधी येत नव्हतं, कारण कॅप्टनला कुणी मागून घेत नाही.

"मला घेशील?" महिपतीने विचारलं.

हाफिजने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

"तुला घेईन," तो म्हणाला. "तुला कंपनीच्या अल खोरच्या वर्कशॉपवर धाडतायत. अल्लाची शपथ आहे, यापुढे मला काही विचारू नको."

महिपतीचा जीव भांड्यात पडला, आणि पडला याचीच त्याला इतकी लाज वाटली की वर बघवेना. एक श्वासभर का होईना, त्याला बरं वाटलं होतं. त्याच्या मागे त्याचीच टीम शिट्ट्या मारत होती, आणि ती सगळी टीम जाणार होती.

"दाजींना नुसतं घ्यायचंस तरी," तो पुटपुटला. "उद्यापतोर कुणाला कळलं नसतं."

"ठरवून आलो होतो. सगळ्यांना मिसळून घ्यायचं, काही दाखवायचं नाही." हाफिजचा आवाज फुटला. "पण काल दिवसभर तीच नावं टाइप केली रे. आज परत तोंडातून निघेनात."

एवढं बोलून तो आपल्या माणसांकडे गेला. पोपटराव त्याला विचारत होता की गोलात उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

महिपती माघारी आला तो कसा आला, त्याचं त्याला कळलं नाही. मन्सूरने त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की या वर्षी मटण नक्की. निवृत्ती तर फुलून गेला होता.

"पावनं, एका टीमात आलो बघा," तो म्हणाला. "दुपारी पहिलं हेच सांगतो मुक्तीला."

गप्प बसावं, असं महिपतीला वाटलं. एक दिवस तरी हसू दे. पण ती कॅसेट त्याच्या डोळ्यांपुढे आली. दाजींचा हा खुशीतला आवाज कोल्हापूरला पोचेल, आणि तो ऐकायला मुक्ताबाईच्या शेजारी दाजी स्वतःच हात बांधून बसलेले असतील.

"दाजी," तो म्हणाला, "आज कॅसेट भरू नका."

निवृत्ती हसतच का म्हणून विचारायला गेला. मग त्याने महिपतीचा चेहरा पाहिला. मग पलीकडे गोलात हात पसरून उभा असलेला पोपटराव पाहिला, आणि बराच वेळ पाहत राहिला. पेठेत कीपरगिरी केलेला माणूस तो. कीपर नको असलेली टीम त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने उजवा हातमोजा काढला आणि हात विजारीला पुसला.

"आणि तुमचं?" त्याने विचारलं. "तुमचं तर नाव न्हाई न्हवं उद्याच्या यादीत?"

महिपतीने नाही म्हणून मान हलवली. दाजी आता काहीही बोलले तरी ते आपण ऐकून घ्यायचं, शिव्या दिल्या तरी, असं त्याने ठरवलं.

"मग बरं झालं," निवृत्ती म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "मी मुक्तीला सांगतो. तुम्ही शब्द मोडला न्हाई म्हणून सांगतो."

त्याने हातमोजा परत चढवला आणि जाऊन आपल्या गोलात उभा राहिला. महिपतीने चेंडू मध्यावर ठेवला, पण त्याला तो मारता येईना. शेवटी मन्सूरने येऊन मारला.