चंचीत सापडलेला नट

मी एक जुना पितळी नट आहे. नट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तोंडाला रंग लावलेला माणूस येईल, मित्रांनो, पण तो मी नव्हे. मी बोल्टाच्या टोकावर फिरणारा, तुमच्या करंगळीच्या नखाहून लहान, चौकोनी नट. मधोमध एक भोक आणि भोकात बारीक आटे, एवढाच माझा देह. एवढ्याशा देहात केवढी भीती मावते, ते मला एका दुपारी कळलं. ती दुपार तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या पट्टीतून मला कापलं, भोक पाडलं, आटे पाडले आणि साठ भावंडांबरोबर पत्र्याच्या डब्यात घातलं. डब्यात भोकाभोकांच्या लाल-हिरव्या लोखंडी पट्ट्या होत्या, चाकं होती, दांडे होते, बोल्ट होते आणि एक छोटा पेचकस होता. या सगळ्यांतून मुलांनी आपल्या डोक्यानं गाड्या, पूल, क्रेन जोडायच्या.

निजामाचं राज्य जाऊन तेवीस वर्षं झाली होती, तेव्हा आमचा डबा औरंगाबादेत शहागंजातल्या एका दुकानात आला. तिथून तो बद्रीनाथांनी घेतला. ते मूळचे करमाडचे. शेती भावांवर सोपवून शहरात एसटीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले होते. डबा त्यांनी थोरल्या मुलासाठी, कडूबासाठी आणला. पण पहिल्याच दिवशी एका पट्टीच्या धारेनं कडूबाचं बोट कापलं आणि त्यानं डबा पायानं लोटून दिला. तो उचलला त्याच्या धाकट्या बहिणीनं, आशानं.

आशाच्या हातात पेचकस असा बसला, जणू तिथंच उगवला असावा. मला घट्ट करताना ती जीभ दातांत धरायची. तिनं जोडलेल्या क्रेननं शाळेच्या प्रदर्शनात भरलेलं दप्तर उचललं, तेव्हा बद्रीनाथ चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती क्रेन दाखवत होते. ते आमचे कौतुकाचे दिवस. मग आशा मोठी झाली आणि आम्ही माळ्यावर गेलो. पट्ट्यांवर गंज चढला, मी काळवंडलो. पुढं ती शाळेत विज्ञान शिकवू लागली, तेव्हा मुलींना कप्पी कशी फिरते ते दाखवायला तिनं आम्हाला पुन्हा खाली काढलं. त्या वेळी तिच्या घरात एक नवं माणूस आलेलं होतं. दोन वर्षांची गोदा, तिची लेक.

कडूबा आता शहरातच एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं भाचीसाठी पुण्याहून एक खोकं आणलं. त्यात प्लास्टिकच्या विटा होत्या. वरून गोल टेंगळं, खालून पोकळ. एक दुसरीवर दाबली की टक् करून बसायची. त्यांना पेचकस लागत नव्हता आणि मीही लागत नव्हतो. आमची क्रेन उभी राहायला अख्खी संध्याकाळ जायची, त्यांचं घर पाच मिनिटांत व्हायचं. आमची क्रेन वजन उचलायची, मान वळवायची. त्यांचं घर नुसतं उभं राहायचं, पण पडलं तरी कुणाला लागत नव्हतं. आमची पट्टी पायावर पडली तर अंगठा सुजायचा.

"आशे, ते लोखंड दे भंगारात," कडूबा म्हणाला. "लेकराच्या घरात धार कशाला? हे बघ कसं मऊ खेळणं हाय."

"दादा, डबा माझ्या शाळेतल्या मुलींसाठी आहे," आशा म्हणाली. "गोदाच्या हाती मी देत नाही तो."

प्लास्टिकच्या खोक्यावरही मोठ्या मुलांसाठी असं छापलेलं होतं. पण ते कुणी वाचलं नाही, कारण विटा दिसायला निरुपद्रवी होत्या. मला त्यांचा मत्सर वाटायचा. एकदा तरी यांच्या हातून काही वाकडं घडावं, असं मी मनात म्हणत असे. मित्रांनो, हे सांगताना मला लाज वाटते.

जानेवारीतली ती दुपार. आशा शाळेत गेली होती. तिचे यजमान कालव्याच्या कामावर पैठणला होते. गोदाला सांभाळायला सखूबाई होत्या. त्या पिशोरकडच्या, मेंढरं-शेरडं राखणाऱ्या घरातल्या. नवरा गेल्यावर शहरात आल्या आणि दीड वर्षापासून या घरात होत्या. गोदा त्यांच्याच मांडीवर चालायला शिकली.

सखूबाई आत भाकरी थापत होत्या. आशानं सकाळी घाईत आमचा डबा खालच्या फळीवर ठेवला होता. गोदानं तो ओढला. झाकण उघडलं, बोल्ट फरशीभर पांगले. तिनं मला चिमटीत धरलं, डोळ्याजवळ नेऊन माझ्या भोकातून पाहिलं. शेजारी सखूबाईंची चंची पडली होती, पान-सुपारीची कापडी पिशवी. सखूबाई तिच्यात सुपारी ठेवतात तशी गोदानं मला त्या चंचीच्या कप्प्यात ठेवलं, आणि मग प्लास्टिकच्या खोक्याकडं वळली. कप्प्याच्या तोंडातून मला दिसत होतं. तिनं एक पिवळं फूल उचललं. विटांवर लावायचं, माझ्याएवढंच, मधे भोक असलेलं. ते तिनं तोंडात घातलं.

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. गोदा दचकली. तिनं जोरात श्वास आत ओढला, आणि फूल दिसेनासं झालं.

असा खोकला मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. तिचा चेहरा लाल झाला, मग ओठ निळसर पडले. सखूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी तिला मांडीवर पालथं घेतलं, पाठीत थापा मारल्या. "गोदे, थुक बाई, थुक!" काही बाहेर आलं नाही. हळूहळू खोकला थांबला, ओठांचा रंग परतला. पण श्वासाबरोबर एक बारीक शीळ येऊ लागली. फुटक्या पुंगीसारखी.

सखूबाईंनी फरशीवरचे बोल्ट पाहिले, उघडा डबा पाहिला. त्यांना वाटलं, पोरीनं यातलंच काही गिळलं. मी ओरडून सांगत होतो की मी इथं आहे, लेकराच्या आत दुसरंच काही आहे. पण नटाला वाचा कुठली?

शेजारच्या घरून त्यांनी फोन केला. आशा आली, मागोमाग कडूबा गाडी घेऊन आला. सखूबाईंना गप्प राहता आलं असतं. त्यांनी काही लपवलं नाही.

"ताई, मी आत व्हते. पोरीनं डबा उघडला. काय तरी गिळलंय तिनं."

आशानं माझी भावंडं गोळा केली. ती तिला तोंडपाठ होती. एक नट कमी होता.

"म्हणत होतो मी!" कडूबा ओरडला. "हे लोखंड लेकराचा जीव घेणार. आन् मावशी, तुमचं ध्यान कुठं होतं?"

सखूबाई उठल्या. त्यांनी चंची कमरेला खोचली आणि गोदाला उचललं. मी त्यांच्या कमरेशी होतो. भाकरीचं पीठ अजून त्यांच्या मनगटावर वाळत होतं.

जवळच्या दवाखान्यात छातीचा आणि पोटाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. ते पाहत होते तेवढा वेळ कुणी श्वास घेतला नसेल. फक्त गोदाची शीळ चालू होती.

"कुठंही नट नाही," डॉक्टर म्हणाले. "धातू असता तर पांढरा शुभ्र दिसला असता. छाती दाटली आहे, औषध देतो. घरी न्या."

कडूबानं भिंतीला पाठ टेकली. आशाच्या डोळ्यांना धार लागली. सखूबाईंनी सुपारीसाठी चंचीत बोटं घातली. बोटांना मी लागलो.

त्यांनी मला तळहातावर घेतलं. सगळ्यांपुढं धरलं.

"सापडला!" कडूबा म्हणाला. "मावशी, चुकलो मी. वाईट बोललो तुम्हाला."

मित्रांनो, एक क्षण मलाही आनंद झाला. माझ्यावरचा आळ गेला. आणि लगेच माझं पितळ गार पडलं. कारण आता सगळे निर्धास्त झाले. मी हरवलेला असतो तर त्यांनी शोध चालू ठेवला असता. मी सापडलो, म्हणून शोध संपला. माझ्यामुळं लेकरू आजार घेऊन घरी चाललं होतं.

कडूबानं गाडीची किल्ली काढली. सखूबाई उठल्या नाहीत. सुटल्या होत्या त्या, कुणी त्यांना बोल लावणार नव्हतं. पण त्यांनी गोदाच्या पाठीला कान लावला. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं.

"ताई, ही बाजू वाजती. ही बाजू गप हाय."

"डॉक्टरांनी सांगितलं ना मावशी, काही नाही म्हणून," कडूबा म्हणाला.

"डाक्टरसाहेबांनी नट हुडकला, भाऊ. नट तर माझ्या चंचीत व्हता. पर लेकराचं दुखणं कुठं सापडलंय?" त्यांचा आवाज चिरकला. "आमच्या एका करडाच्या नळीत चिंचोका गेला व्हता. दोन दिस उड्या मारत हिंडलं. वाटलं, बरं झालं. तिसऱ्या दिशी मेलं." त्यांनी पदर पुढं ओढला. मला पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि म्हणाल्या, "तिथं दुसरं खेळणं बी पडलं व्हतं. ते कुणी बघितलं?"

आशानं भावाकडं पाहिलं. "दादा, आधी घरी चल. मग घाटीच्या मोठ्या दवाखान्यात."

घरी आल्यावर आशानं ओट्यावर दोन्ही डबे ओतले. एकीकडं लोखंड, एकीकडं प्लास्टिक. मला धरून आमच्याकडची सगळी भावंडं भरली. मग तिनं विटांच्या खोक्यावरचं चित्र समोर धरलं आणि एकेक तुकडा त्याच्याशी ताडून बाजूला ठेवू लागली. लाल, निळ्या, पांढऱ्या विटा बरोबर. दारं, खिडक्या बरोबर. चित्रात पिवळी फुलं चार होती. ओट्यावर तीन.

कडूबा गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शिरला. सतरंजी झटकली, उशा उलट्या केल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या पँटला धूळ होती आणि तोंड पांढरं पडलं होतं.

"मी आणलं, आशे," एवढंच तो म्हणाला.

आशानं उरलेल्यांपैकी एक फूल मुठीत घेतलं. कडूबाचे हात गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून चौघं रिक्षात बसले. औरंगपुऱ्याजवळ गर्दीत रिक्षा अडकली, आणि गोदाला पुन्हा खोकल्याची उबळ आली. शीळ थांबली. ओठ पुन्हा निळे पडू लागले. मला वाटलं, संपलं. सखूबाई तिची पाठ चोळत "श्वास घे गं, माझे माय, श्वास घे" असं म्हणत होत्या. रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. "बाजी, फिकर नक्को करो," असा बहिणीला द्यावा तसा धीर देत त्यानं हॉर्नवर हात दाबून ठेवला, तो घाटी दवाखान्याच्या दारापर्यंत काढलाच नाही. वाटेत कुठंतरी शीळ पुन्हा सुरू झाली. तो आवाज इतका गोड वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला, आशाकडून सगळं ऐकलं, मग तिच्या हातातलं फूल पाहिलं. त्यांनी एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

"प्लास्टिक फोटोत दिसत नाही. लोखंड-पितळ दिसतं. हे आत असलं तरी दिसणार नव्हतं." त्या आतल्या दाराकडं निघाल्याच होत्या. "गुंगी देऊन श्वासनळीत दुर्बीण घालावी लागेल. आत्ताच. सही करा."

आशानं सही केली. गोदाला आत नेलं, दार लागलं.

बाहेरच्या बाकावर सखूबाई पदराची गाठ दाबत बसल्या. त्यांच्या बोटांची नाडी मला लागत होती. धडधड, धडधड. कडूबा त्यांच्या पायाशी फरशीवर बसला होता. मोठ्या हुद्द्याचा माणूस, पण त्या वेळी लहान पोरासारखा दिसत होता. आशा दाराकडं बघत उभी होती. मी त्या पिवळ्या फुलाचा विचार करत होतो. ते आत अंधारात अडकलं होतं. त्याला काय ठाऊक, आपण कुठं आहोत? त्यालाही ओरडता येत नव्हतं. माझ्या जागी ते असतं आणि त्याच्या जागी मी असतो, तर माझ्या हातूनही हेच घडलं असतं. माझा सगळा मत्सर त्या बाकावर गळून पडला. हे फूल बाहेर येऊ दे, एवढंच मी मागत राहिलो.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात स्टीलचं तबक होतं. त्यात ओलं, लालसर झालेलं, चार पाकळ्यांचं फूल.

"निघालं," त्या म्हणाल्या. "याला मधे भोक होतं म्हणून तिला थोडी हवा मिळत राहिली. घरीच ठेवलं असतं तर..." आणि त्या सखूबाईंकडं वळल्या. "पाठीला कान कुणी लावला म्हणता?"

सखूबाईंनी मान खाली घातली. आशानं त्यांना मिठी मारली आणि मग दोघी मोठ्यानं रडल्या.

तिसऱ्या दिवशी गोदा घरी आली. कडूबानं आम्हाला भंगारात देण्याची भाषा पुन्हा काढली नाही, आणि आशानंही विटा फेकल्या नाहीत. दोन्ही डबे कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात शेजारी शेजारी ठेवले, कुलूप लावून. गोदा सहा वर्षांची झाली तेव्हा ते कुलूप निघालं. तिनं प्लास्टिकचं घर बांधलं आणि त्याच्या छतावर लोखंडी क्रेन उभी केली. तिचा एक दांडा माझ्या भरवशावर होता.

आज गोदा मोठी आहे. लोक ती दुपार विसरले. मी विसरलो नाही. घरात कुणी नुसतं खाकरलं तरी माझे आटे आवळतात.

मित्रांनो, आम्ही लोखंडाचे असू, पितळेचे असू की प्लास्टिकचे, आम्हाला जीव लावा, पण आमच्यावर विसंबू नका. एवढ्याशा लेकराला आमच्याजवळ एकटं सोडू नका. खेळ झाला की आम्हाला एकेक करून डब्यात घाला. आणि एक जरी कमी भरला, तर तो सापडेपर्यंत जेवायला बसू नका.