हिरवी केलेली लिंबं

आमचा झेंडा लाल, पांढरा, पिवळा. शहर जिंकल्यावर शत्रूच्या फौजेने त्यावर बंदी घातली, म्हणून मी टोमॅटो, पांढरा वाडगा आणि पिवळी लिंबं मांडून तैलचित्र काढलं. ते त्यांच्या साहेबाच्या डोळ्यांत खुपलं.

"बाई, लिंबं हिरवी करा. मग हे माझ्या खुर्चीमागे लावतो. लोकांना कळू दे, तुम्ही कशा वठणीवर आलात ते!"

मी निमूटपणे लिंबं हिरवी केली, पण जलरंगाने. तेलावर तो धरेना, म्हणून त्यात चिमूटभर साबण कालवला. गाढव खूश होऊन चित्र घेऊन गेला.

त्याच्या कचेरीतल्या तसबिरी शिपाई रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. पुसू दे की! उद्या साहेबाच्या डोक्यावर आमचा झेंडा लागेल, तोही त्याच्याच माणसाच्या हातून.