ठराव क्रमांक एकाहत्तर

तीस वर्षं मी न झालेल्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली. हे सांगायला मला आता लाजसुद्धा वाटत नाही, इतकी मी दमले आहे.

वेलेस गावात पेरूच्या वड्यांचे कारखाने पायलीचे पन्नास. त्यातला आमचा ओलार्ते कुटुंबाचा. मी तिथली चिटणीस, हेर्मिन्दा किरोगा. पत्रं, परवाने, सरकारी तपासनीसाला कॉफी पाजणं आणि इतिवृत्ताची वही, हे माझं काम. भागधारक तीनच. निम्मा कारखाना मालकांचा, म्हणजे एलिएसेर ओलार्ते यांचा, आणि उरलेला दोन मुलांचा, अर्धा अर्धा. थोरला आर्नुल्फो बुकारामांगा शहरात टायर विकतो. धाकटी नेल्सी कारखाना चालवते. एकोणीस वर्षं ती त्या कढयांच्या वाफेत उभी आहे. पेरूचा गर खाली लागायला आला, की तिला दुसऱ्या खोलीतून वासावर कळतं.

कंपनीचे सगळे निर्णय रविवारी होत, चर्चमधून आल्यावर, मालकांच्या जेवणाच्या टेबलावर. बोकडाचं हाड चोखता चोखता मालक म्हणत, "बॉयलर बदलायला झालाय." आर्नुल्फो म्हणे, "बदला की." नेल्सी म्हणे, "मी दोन वर्षं तेच सांगतेय." झाली बैठक. सोमवारी मालक माझ्या टेबलाशी येत. "हेर्मिन्दा, काल एक गोष्ट ठरली. वहीत घेऊन टाका." मग मी लिहायची, की रविवारी दुपारी तीन वाजता, रीतसर सूचना देऊन, कंपनीच्या कार्यालयात सभा भरली, कोरम पूर्ण होता, साधकबाधक चर्चा झाली. रविवारी दुपारी तीनला कार्यालयात फक्त मांजर असे. चर्चा केलीच असेल तर तिनं.

सह्या मी फिरून गोळा करायची. मालक खुर्चीतच करत. आर्नुल्फो पुढच्या रविवारी, गाडीच्या टपावर वही ठेवून. नेल्सीकडे मीच कढयांपर्यंत जायची. तिचे हात कोपरापर्यंत चिकट. पान खराब होऊ नये म्हणून मी वड्या बांधायचं एक बिहाओचं पान मजकुरावर धरायची, फक्त सहीची ओळ उघडी राहील असं. ती एका हातानं कढई ढवळायची, दुसऱ्यानं सही करायची. "काय आहे, ताई?" "नेहमीचंच." एवढंच आमचं बोलणं.

ठराव क्रमांक एकाहत्तरच्या वेळीही एवढंच बोलणं झालं. बारा वर्षं झाली त्याला.

तेव्हा नेल्सीचं लग्न ठरलं होतं, समोरच्या कारखान्याच्या धाकट्या मुलाशी. मालकांचा जीव खालीवर. पोरगी गेली, की वड्यांची कृती जाईल, गिऱ्हाइकं जातील, उद्या कारखानाही रस्त्यापलीकडे जाईल. जूनचा पेरू धो धो येत होता म्हणून नेल्सी रविवारी जेवून लगेच कढयांकडे पळाली, आणि मागे टेबलावर बाप-लेकांनी ठरवलं. सोमवारी मालकांनी मला सांगितलं. मी लिहिलं, 'यापुढे व्यवस्थापकपद आर्नुल्फो यांच्या वंशशाखेकडेच राहील. सभेस जातीने उपस्थित असलेल्या नेल्सी यांनी या पदावरील आपला हक्क स्वेच्छेने सोडला आहे.' लिहून झाल्यावर मी मालकांकडे पाहिलं.

"तिला सांगायचं ना?" मी विचारलं.

"मी सांगेन. घरची गोष्ट आहे. तुम्ही सही घ्या."

मी पान धरलं. तिनं सही केली. चार महिन्यांनी लग्न मोडलं. मालकांनी तिला काही सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. विधवा बाई, हातात दुसरी नोकरी नाही. गप्प बसायला मला फार कष्ट पडले नाहीत. खरं सांगायचं तर गप्प बसण्यात मी तरबेज होते.

यंदा परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली, की संचालक मंडळावर कुटुंबाबाहेरचं एक माणूस हवं. मालक आठवडाभर धुसफुसले. "घरात परका आणि कपात माशी!" शेवटी आम्पारो सोलानोबाई आल्या. आमच्याकडे जास्त शिकलेल्या माणसाला डॉक्टर म्हणतात, सुई टोचता येत नसली तरी. तर या डॉक्टरबाई. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, सपाट बुटांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी इतिवृत्ताची वही मागितली आणि मागची पाच वर्षं वाचून काढली.

"सगळ्या सभा रविवारीच?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"आणि पाच वर्षांत कुणी एकदाही विरोध केला नाही?"

"घरचेच आहेत ना, डॉक्टरबाई."

"माझ्या घरात भातात मीठ किती घालायचं यावर एकमत होत नाही." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी कॉफी आणायला उठले.

मालकांचे गुडघे आता जिना चढत नाहीत. त्यांच्या जागी नवा व्यवस्थापक नेमायला हवा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, सभा घ्या. खरी. आठ दिवस आधी लेखी सूचना, विषयपत्रिका, मंगळवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात. मालकांनी हात झटकले. "कशाला हा तमाशा? नेल्सीच बघतेय सगळं. तीच होईल." नेल्सीनं हे ऐकलं. त्या आठवड्यात ती कढयांपाशी गुणगुणत होती. एकोणीस वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी वहीतला एकाहत्तरावा ठराव पुन्हा काढून वाचला.

आर्नुल्फो विसरला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. बाई, जो स्वतःच्या मुलांचे वाढदिवस विसरतो, तो बारा वर्षांपूर्वीचा कागद कुठून लक्षात ठेवणार? नेल्सीला आधी सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवायची. रोज दुपारपर्यंत काहीतरी काम निघायचं.

मंगळवारी चौघं बसली, मी धरून पाच. नेल्सीनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. डॉक्टरबाईंनी पहिला विषय वाचला, व्यवस्थापकाची नेमणूक.

"यावर सभेची गरजच नाही," आर्नुल्फो म्हणाला आणि त्यानं खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. "बारा वर्षांपूर्वीच ठरलंय. माझा थोरला उन्हाळ्यात कॉलेजातून बाहेर पडतोय. तोवर मी बघतो. नेल्सी आहेच हाताशी."

"हाताशी?" नेल्सी म्हणाली.

"अगं, म्हणजे तुला कोण काढतंय? कढया तुझ्याच."

कागद तिच्यापुढे सरकला. तिनं तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारखा.

"सही माझीच आहे," ती म्हणाली.

"मग झालं तर," आर्नुल्फो म्हणाला.

"पण मी हे कधी म्हटलं? बाबा, मी हे कधी म्हटलं?"

मालक खिडकीबाहेर बघत होते. "मला वाटलं होतं, तू लग्न करून जाशील," ते म्हणाले. "मग ते राहूनच गेलं."

"राहून गेलं? धोब्याकडचे कपडे राहतात, बाबा!"

"तुझी सही आहे ना?" आर्नुल्फोचा आवाज चढला. "अंगठा तर नाही लावलास? शिकलेली आहेस. वाचायचं होतंस. आता गळा काढून काय उपयोग?"

डॉक्टरबाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. "कागद असा आहे, की नेल्सीबाई सभेला हजर होत्या आणि त्यांनी हक्क सोडला. चिटणिसांनी तसं प्रमाणित केलंय. ते खोटं असल्याचा पुरावा नसेल, तर मला हा ठराव मानावा लागेल." हे सगळं त्या नेल्सीकडे बघून बोलल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण मला कळायचं ते कळलं.

नेल्सी मात्र माझ्याकडेच बघत होती. रागानं नव्हे. आशेनं. ते मला सोसलं नाही.

"सभा झालीच नव्हती," मी म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. आर्नुल्फो हसला. "हेर्मिन्दा, तुमचं वय झालं. खाली तुमचीच सही आहे."

"माझीच आहे. मी मालकांच्या सांगण्यावरून सोमवारी लिहिलं. नेल्सी तेव्हा टेबलावर नव्हती, कढयांवर होती. सही घेताना मी मजकुरावर बिहाओचं पान धरलं होतं. नेहमी धरायची, डाग पडू नयेत म्हणून. त्या दिवशी डागांसाठी नव्हतं. तिनं विचारलं काय आहे, मी म्हणाले नेहमीचंच."

खाली पेट्या ठोकण्याचा आवाज येत होता. मालकांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, ते ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "खरं बोलतेय ती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हेर्मिन्दाबाई, पुढचा प्रश्न मला विचारावाच लागेल. बाकीची इतिवृत्तं?"

"सगळीच तशी."

"किती?"

"एकशे त्रेचाळीस."

"याचा अर्थ तुम्हाला कळतो ना? प्रत्येक ठराव पुन्हा सभेपुढे आणावा लागेल. आणि खोटं प्रमाणित केल्याबद्दल उद्या तुम्हाला कुणी कोर्टात खेचलं, तर मला तुमची बाजू घेता येणार नाही."

"कळतो," मी म्हणाले. मला तेव्हा घाबरायला हवं होतं. पण मी नुसती दमले होते. खुर्चीत पाठ टेकावी आणि कुणी काही विचारू नये, एवढंच वाटत होतं.

मग सभा झाली. खरोखरची. दीड तास. आर्नुल्फोनं टेबलावर मूठ आपटली, आईची शपथ घातली, बहिणीला घरबुडवी म्हणाला. नेल्सीनं त्याला विचारलं, एका कढईला किती पेरू लागतो ते सांग. "मालकाला आकडे कशाला लागतात? माणसं असतात त्यासाठी," तो म्हणाला. "ती माणसं म्हणजे मीच," नेल्सी म्हणाली. मालक मध्येच उठून जायला निघाले, तर डॉक्टरबाईंनी त्यांना बसवलं. "कोरम मोडेल." भर सभेत मालकांना कुणी खाली बसवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी एकाहत्तर क्रमांकाचा ठराव रद्द झाला. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, व्यवस्थापकपदासाठी नाव कोण सुचवतं? मालक टेबलाची कड चाचपत होते.

"नेल्सी," ते म्हणाले, लेकीकडे न बघता. "मी सुचवतो."

आर्नुल्फोनं विरोधात हात वर केला. मी तसं लिहिलं, 'विरोधात: एक'. असं मी आजवर कधी लिहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. वाटलं, आता नेल्सी माझ्याकडे बघून हसेल.

"ऐनवेळचा विषय घेता येतो का?" नेल्सीनं विचारलं.

"सगळे भागधारक हजर आहेत. कुणाची हरकत नसेल तर येतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. कुणी हरकत घेतली नाही.

"हेर्मिन्दाताईंना चिटणीसपदावरून आजपासून मुक्त करावं, असा ठराव मी मांडते."

मालकांनी मान वर केली. "अगं, वेडी की काय? आत्ता तिच्यामुळेच तर..."

"हो, बाबा. आज त्यांच्यामुळेच. आणि बारा वर्षं कुणामुळे?" तिचा आवाज शांत होता. "त्या वहीवर उद्या मी विश्वास ठेवायचा, तर ती त्यांच्या हातात नको. तुम्ही सांगितलं की त्या लिहितात. उद्या मी सांगितलं तरी लिहितील."

"अनुमोदक?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी," आर्नुल्फो म्हणाला. एवढ्या भांडणानंतर भावा-बहिणीचं या एकाच गोष्टीवर जमलं.

दोघांचे हात वर झाले. मालक माझ्याकडे बघत होते. तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. त्यांना माझी परवानगी हवी असल्यासारखं वाटलं, म्हणून मी मान हलवली. मग त्यांचाही हात वर गेला.

मी लिहायला घेतलं. माझं नाव, हुद्दा, तारीख. अक्षर जरा बिघडलं. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. बाकीचे उठून गेले, नेल्सी माझ्या शेजारी थांबली.

"तुम्ही मला तेव्हाच सांगितलं असतं ना, ताई," ती म्हणाली, "तर मी तुम्हाला मरेपर्यंत सोडलं नसतं."

ती खरं बोलत होती, हे मला ठाऊक होतं. नोकरीसाठी मी गप्प बसले होते, आणि गप्प बसले म्हणून नोकरी गेली. मी ठराव पुरा केला, खाली सही केली आणि वही तिच्याकडे दिली.