साहाय्याचा रकाना

गोदातीर विद्यापीठाच्या पीकरोग संशोधन संस्थेत ‘सर्वसमावेशक कार्यसंस्कृती सप्ताह’ साजरा झाला, तेव्हा तो शब्द उच्चारताना संचालक अमृतराव दोनदा अडखळले, फ्लेक्सवर त्यातला एक काना गळाला आणि समोसे मात्र भरपूर होते. पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली, हे कबूल करायला हवं. वर्षानुवर्षं कंत्राटी मदतनीस म्हणून राबणाऱ्या मुलींसाठी योजना आली. प्रत्येकीला एक मार्गदर्शक मिळणार होती आणि जिची निवड होईल तिला लातूरच्या नव्या केंद्रात तीन वर्षांसाठी संशोधकाची जागा.

डॉ. शीलाच्या वाट्याला रुखसार आली. अर्धापूरच्या शिंप्याची ही मुलगी. केळीवरच्या करप्याची पानं गोळा करण्यात तिचा हात धरणारं संस्थेत कुणी नव्हतं. शेतकरी तिच्यापाशी मोकळे होत. किती फवारलं, काय लपवलं, सगळं सांगून टाकत, कारण ती त्यांच्यासारखीच बोलायची. लातूरला एकटीनं राहू द्यावं म्हणून तिनं महिनाभर अब्बांची मनधरणी केली होती आणि ते कसेबसे तयार झाले होते.

अर्जातला शेवटचा रकाना मार्गदर्शकानं भरायचा होता : ‘उमेदवाराला कोणत्या साहाय्याची गरज आहे?’ शीलानं लिहिलं, ‘प्रमाण भाषेतील संवादाचा सराव आवश्यक.’ खाली सही ठोकली आणि अर्ज पाठवून दिला.

आता साहाय्य म्हणजे मदत, हे शाळकरी मुलांनाही कळतं. निवड समितीतल्या विद्वानांना मात्र कळलं नाही. त्यांनी तो रकाना उणिवांचा समजून वाचला. निकालात रुखसारच्या नावापुढं आलं, ‘संवादकौशल्य अपुरे. निवड नाही.’ फेरविचाराचा अर्ज सात दिवसांत करता येईल, अशी खाली बारीक अक्षरांत ओळ होती.

शीलानं निकाल दोनदा वाचला. मी तर तिच्या भल्यासाठीच लिहिलं, असं तिनं स्वतःला दहादा सांगून पाहिलं. पण ते खरं नव्हतं आणि तिला ते ठाऊक होतं.

अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी पुण्याहून पाहुणे आले होते. पडद्यावरचं चित्र दाखवत रुखसार त्यांना म्हणाली, “करपा आता खालच्या पानावून वर चढून राहिला.” त्यातल्या एकानं लगेच विचारलं, “वर राहिला? भाड्यानं का?” सगळे हसले. रुखसारही हसली, तिला त्याचं काही वाटलं नाही. शरमेनं लाल झाली ती शीला. तीही अशीच बोली बोलणाऱ्या इस्लापूरची. वीस वर्षांपूर्वी पुण्यात शिकताना असाच विनोद तिच्यावर झाला होता. त्यानंतर रेडिओवरच्या बातम्यांबरोबर ओठ हलवत तिनं आपली जीभ घासूनपुसून गुळगुळीत केली होती. रकाना भरताना तिच्या मनात रुखसारची गरज नव्हतीच. आपण इतकी वर्षं झाकून ठेवलेलं या पोरीनं चारचौघांत उघडं केलं, याचा राग होता.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रुखसार तिच्या दारात उभी.

“मॅडम, मला तुमच्यासारखं बोलायला शिकवता का?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. शीलानं खुर्ची पुढं सरकवली.

मग रोज दुपारी डबे खाऊन झाले की शिकवणी. ‘करून राहिले’ नाही, ‘करत आहे’. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’. ‘लई’ तर मुळीच नाही. रुखसार हुशार; चार दिवसांत तिची जीभ वळली. शीला समोर बसून तिला शाबासकी देत होती आणि तिच्या नजरेला नजर देणं टाळत होती. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं : फेरविचाराच्या अर्जाला मार्गदर्शकाचं पत्र लागतं, ते मागायला ही येईलच. आली की माझी चूक झाली असं स्पष्ट लिहून देऊ. म्हणजे कबूलही होईल आणि तोंडावर सांगावंही लागणार नाही. भित्र्या माणसाला असल्या पळवाटा बऱ्या सुचतात. रुखसार रोज आली, धडा घेऊन गेली, पत्राचं नाव काढलं नाही. मधला रविवार मोजत नाहीत, असं शीलानं धरलं होतं. तिच्या लेखी अजून एक दिवस बाकी होता.

निकालानंतर आठव्या दिवशी अर्धापूरहून पिराजीचा फोन आला. त्याच्या केळीच्या बागेत रुखसार दर आठवड्याला जायची.

“मॅडम, त्या पोरीला काय झालं हो? काल आली अन् पुस्तकावानी बोलून राहिली. ‘आपण फवारणी केली आहे का?’ म्हनली. मला वाटलं, चौकशी लागली. म्या सांगितलं, न्हाई केली.”

“केली होती का?”

“दोनदा केली की! पन सांगावं कसं? लई परकी वाटली बघा.”

शीला तडक प्रयोगशाळेत गेली. रुखसार एकटीच काचपट्ट्या पुसत होती. इतके दिवस टाळलेलं शीलानं उभ्या उभ्या सांगून टाकलं.

“रुखसार, तो रकाना मी भरला होता. भाषेचं मीच लिहिलं. तुझ्यात काही कमी नव्हतं गं, मला माझीच लाज वाटली होती. मी आत्ता पत्र देते, अमृतरावांना जाऊन सांगते. तू अर्ज कर.”

रुखसारनं हातातली काचपट्टी जपून डबीत ठेवली.

“मुदत काल संपली, मॅडम. रविवार धरतात.”

“मग तू अर्ज का नाही केलास? माझ्याकडं पत्र का नाही मागितलंस?”

“निकालासंगं आमच्या अर्जाची नक्कल मिळाली होती आम्हाला. तुमची सही मी पहिल्याच दिवशी पाहिली.” तिनं डबीचं झाकण लावलं. “दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी भांडले असते. तुम्ही लिहिलं म्हणल्यावर मला ते खरंच वाटलं.”